बारा बाय पंधरा

कॅमेरा कुठला घ्यावा हे विचारायला येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर लग्नाचं स्टेज असतं. नवरा-नवरीची एंट्री, धुराचे फवारे, ड्रोन, दुसऱ्या दिवशी टाकायची रील. माझ्या डोळ्यांसमोर वेगळाच फोटो असतो. बारा बाय पंधरा इंचाचा, एकट्या माणसाचा, भिंतीवर लावायचा. आमच्या भागात बहुतेक घरांच्या सोप्यात असे दोन-चार फोटो असतात, चंदनाचा हार घातलेले. बॅगेत कुठली लेन्स असावी, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कुठली असावी, जास्तीचे पैसे कशावर घालावेत, हे सगळं मी त्या फोटोपासून उलटं मागे येत ठरवते.

आमचा स्टुडिओ कराडात आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. भिंतीवरच्या फोटोसाठी आलेली माणसं दारातच ओळखू येतात. दोघं-तिघं पुरुष असतात, त्यातल्या एकाचं मुंडण झालेलं असतं. बोलणं थोडकं. मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "ह्यातनं काय निघतंय का बघा." चौकात लावायचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स संध्याकाळपर्यंत हवा असतो आणि तेराव्याला फ्रेम. फ्लेक्सचं काम निभावतं. तो लांबून बघायचा असतो आणि महिन्याभरात उतरतो. फ्रेमचं तसं नाही. ती घरातली बाई रोज उदबत्ती लावताना दीड-दोन फुटांवरून बघणार असते, आणि पुढची वीस-तीस वर्षं बघणार असते.

मोबाइलमध्ये जे असतं ते बहुतेक वेळा दोन प्रकारचं. एक, नातवाने काढलेली सेल्फी, तिच्यात आजोबा कडेला. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याची लेन्स रुंद असते, त्यामुळे कडेचा चेहरा आडवा ताणला जातो, आणि तो फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत आकसलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. तो पुष्कळदा आम्हीच काढलेला असतो. मग घरच्यांना वाटतं, एवढा भारी कॅमेरा होता, मूळ फाइल मिळाली की बापूंचा चेहरा मोठा करता येईल.

इथे थोडं गणित मांडते, कारण कॅमेऱ्याच्या दुकानात ते कोणी मांडून दाखवत नाही. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे आडवे सहा हजार ठिपके आणि उभे चार हजार. तीस माणसांचा ग्रुप तीन रांगांत उभा केला, की एका रांगेत दहा माणसं येतात. थोडी मोकळी जागा सोडली तर एकेका माणसाच्या वाट्याला रुंदीत पाचशे-साडेपाचशे ठिपके. बारा इंच रुंदीच्या प्रिंटला ते वापरले की इंचाला चाळीस-पंचेचाळीस पडतात. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशे लागतात; मोठ्या फ्रेमला दीडशेवरही भागवता येतं. चाळीसवर चेहरा राहत नाही, चेहऱ्याचा अंदाज राहतो. म्हणून ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर? मेगापिक्सेल जवळजवळ दुप्पट झाले तरी रुंदीतले ठिपके दुप्पट होत नाहीत, सहा हजारांचे सव्वाआठ हजार होतात. इंचाला चाळीसऐवजी साठ. बॉडीचे पैसे कितीतरी वाढले आणि बापू अजून धूसरच.

आता यावर एक नवा उपाय आला आहे. सॉफ्टवेअरला धूसर चेहरा द्यायचा, ते काही सेकंदांत रेखीव करून देतं. पापण्या, भुवया, त्वचेवरची छिद्रं, सगळं येतं. पण ते मूळ फोटोत नव्हतंच; हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकून ते तिथे भरलेलं असतं. मोठ्या मुलाला असा फोटो चालतो. बायको आणि मुली बराच वेळ बघत राहतात आणि मग म्हणतात, डोळे वेगळे वाटतायत. त्यांचं बरोबर असतं. धूळ काढणं, चिरा बुजवणं, रंग सुधारणं हे काम आमच्या धंद्यात पूर्वीपासून होतं, वडील बारीक ब्रश घेऊन तासन् तास ते करत. पण कुणाच्या नवऱ्याचे डोळे अंदाजाने बनवून भिंतीवर टांगायला देणं मला पटत नाही, आणि मी ते काम घेत नाही. मोठी फ्रेम होत नसेल तर पाच बाय सातचा प्रिंट काढून रुंद पांढऱ्या माउंटमध्ये बसवून देते. लहान दिसतो, पण माणूस तोच असतो.

मग उपाय एकच राहतो, आणि तो कॅमेऱ्याच्या डब्यात मिळत नाही. लग्नघरात गेल्यावर घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसापाशी जायचं, चार शब्द बोलायचे आणि त्या एकट्या माणसाचा फोटो काढायचा. हे मी प्रत्येक ऑर्डरला करते, कुणी सांगितलं नसलं तरी. माझी सगळी सामग्री या कामाला सोपी पडेल अशी निवडलेली आहे. लग्नाची बाकीची कामं त्याच सामग्रीत व्यवस्थित होतात. उलट बाजूने निवडलं असतं तर झालं नसतं.

अंतराची गोष्ट आधी सांगते. पोर्ट्रेटला, म्हणजे एकट्या माणसाच्या फोटोला, ८५ एमएमची लेन्स घ्या, असं सगळेच सांगतात. हा आकडा जितका मोठा तितकं लेन्स लांबचं जवळ ओढते. का, ते क्वचित सांगतात. चेहऱ्याचा घाट लेन्सवर ठरत नाही, आपण किती लांब उभे आहोत यावर ठरतो. दोन फुटांवरून काढलं तर नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते फुगतं आणि कान मागे जातात. सहा-सात फुटांवर गेलं की नाक आणि कान यांच्या अंतरात फारसा फरक उरत नाही, आणि चेहरा घरच्यांना ओळखीचा वाटतो. समोरच्या खुर्चीवर बसून आपण एखाद्याला बघतो ते साधारण हेच अंतर. फुल फ्रेम, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या, बॉडीवर ८५ लावून अर्ध्या अंगाचा फोटो घ्यायचा तर सात फूट लागतात. आलं बरोबर.

पण बहुतेक मुलं सुरुवातीला क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची, बॉडी घेतात, आणि ऐकीव सल्ल्याने तिच्यावर ८५ चढवतात. तोच अर्ध्या अंगाचा फोटो घ्यायला आता अकरा फूट मागे जावं लागतं. आमच्याकडची खोली दहा बाय बारा. तिच्यात कॉट, कपाट, धान्याची कोठी आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या बॅगा. पाठ भिंतीला लागते तरी फ्रेम बसत नाही. अशा बॉडीवर ५० एमएम एफ १.८ घ्यावी; एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त येतो. बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी ती एक असते, तिने सहा-सव्वासहा फुटांवरून तोच फोटो येतो, आणि उंबऱ्यापाशी खुर्ची ठेवली तर दारातून येणाऱ्या उजेडावर काम भागतं. मी कितीतरी वर्षं एवढ्यावरच काम केलं. त्या काळातले फोटो आज भिंतींवर आहेत आणि त्यांत मला काही कमी दिसत नाही.

वेळही निवडावी लागते. लग्नाच्या दिवशी म्हातारी माणसं दमलेली, घामेजलेली, गर्दीत हरवलेली असतात. हळदीच्या दिवशी दुपारी घर जरा सैल असतं. बायका स्वयंपाकात, पुरुष मांडवाच्या कामात, आणि आजी सोप्यात भिंतीला टेकून बसलेली. मी जवळ जाऊन बसते. "अगं माझा कशाला काढतीस? नवरीचा काढ की," हे पहिलं वाक्य. दुसरं, "थांब, पदर तरी घिऊ दे." पदर घेताना, डोरलं सारखं करताना तिचा चेहरा बदलत जातो आणि ती फोटोला तयार होते. आजोबांच्या बाबतीत टोपी किंवा फेटा आधी शोधायचा. ज्या माणसाला गावाने जन्मभर टोपीतच पाहिलं त्याचा उघड्या डोक्याचा फोटो घरचे भिंतीवर लावत नाहीत. चष्म्यात दार चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची. चष्मा मात्र काढायला लावायचा नाही.

या म्हाताऱ्या माणसांना एक गोष्ट आवडत नाही: कुणी डोळ्याला काळं यंत्र लावून आपल्यावर रोखलेलं. वडिलांकडे याशिका मॅट होता, दोन लेन्सचा, कमरेशी धरायचा. वरच्या काचेत मान खाली घालून बघायचं, डावं-उजवं उलटं दिसायचं. एका रोलमध्ये बारा फोटो. होमाई व्यारावाला याच घडणीचा रोलिफ्लेक्स वापरत. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि १९४२पासून दिल्लीत काम केलेल्या या बाई देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सत्तांतराच्या काळातल्या दिल्लीचे, नेहरूंचे त्यांचे फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. त्यांतली माणसं किती मोकळी आहेत! त्याचं श्रेय त्यांच्या स्वभावाला आणि धीराला आहेच, पण थोडं त्या यंत्रालाही असावं असं मला वाटतं. काढणाऱ्याची मान खाली झुकलेली असते, चेहरा झाकलेला नसतो. समोरच्याला आपण माणूस म्हणूनच दिसत राहतो.

म्हणून बॉडी घेताना मी स्क्रीन वर उचलता येते का हे आधी बघते. कॅमेरा मांडीवर किंवा पोटाशी धरायचा, स्क्रीन वर करायची आणि आजीशी बोलत राहायचं. हल्लीचे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे स्वतः डोळा शोधून फोकस धरतात, त्यामुळे माझं लक्ष बोलण्यावर राहतं. आवाज न करणारं शटरही याच कामाचं. घरात, दिवसाच्या उजेडात ते उत्तम. मंगल कार्यालयात मात्र जपून.

कार्यालयातल्या उजेडाचं प्रकरण त्रासाचं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि आवाज न करणाऱ्या शटरला ते जास्त येतात. शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुधा जातात. पण स्टेजवरचे रंगीत पार लाइट, म्हणजे सजावटीचे झोताचे दिवे, या हिशेबात बसत नाहीत. त्यांचं लुकलुकणं वेगळ्याच वेगाचं असतं. तिथे मी सरळ डेकोरेशनवाल्या दादांना गाठते आणि मंगलाष्टकांपुरते ते जांभळे-निळे लाइट बंद करायला लावते. त्यांना आधी आवडत नाही. पण जांभळ्या उजेडात गेलेला त्वचेचा रंग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही, आणि अक्षता टाकायला उभ्या असलेल्या आत्याबाईंचा तो शेवटचा चांगला फोटो असू शकतो. फ्लॅश छतावर मारून उजेड मऊ करावा, असं शिकवतात. आमच्याकडे छत म्हणजे उंच पत्रा किंवा लाल-पिवळं कापड. पत्र्यावरून उजेड खाली येत नाही, कापडावरून येतो तो कापडाचा रंग घेऊन येतो. त्यापेक्षा एफ १.८च्या लेन्स घ्याव्यात. एफ २.८च्या झूमपेक्षा त्यांत दुपटीहून जास्त उजेड येतो आणि फ्लॅश पिशवीतच राहू शकतो.

दोन मेमरी कार्डं बसणारी बॉडी असावी, यावर मी अडून असते. २०१८ साली निकॉन आणि कॅनन दोघांनी आपापले पहिले फुल फ्रेम मिररलेस आणले तेव्हा त्यांत एकेकच कार्ड बसत होतं. मला ते कॅमेरे बाकी सगळ्या बाजूंनी आवडले होते, तरी मी थांबले. २०२०मध्ये निकॉनचा झेड ६ टू आणि कॅननचा आर ६ दोन कार्डांसह आले, मग बदल केला. कार्ड कधीही जाऊ शकतं. लग्न पुन्हा लावता येत नाही, आणि हळदीच्या दुपारी सोप्यात बसलेली आजी पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

दोन बॉडी का लागतात, याचं उत्तर मला पालच्या यात्रेने दिलं. कराड तालुक्यात तारळी नदीकाठी पाल आहे. पौषात तिथे खंडोबा आणि म्हाळसा यांचं लग्न लागतं. येळकोट येळकोट जय मल्हारचा गजर होतो आणि भंडारा-खोबऱ्याची उधळण सुरू होते. बघता बघता हवा पिवळी होते. नदीचं वाळवंट, माणसं, छपरं, सगळं एका रंगाचं. भंडारा म्हणजे हळदीची पूड. अतिशय बारीक आणि चिकटणारी. तिथे लेन्स बदलायला बॉडी उघडली की ती सेन्सरवर जाऊन बसते. म्हणून एकीवर ३५ एमएम आणि दुसरीवर ७०-२०० एमएमची झूम, घरातून लावून निघायचं आणि घरी येऊनच उतरवायच्या. ७०-२०० एफ २.८पैकी बहुतेक लेन्स झूम करताना लांबत नाहीत, नळी आतल्या आत सरकते. स्वस्त झूम बाहेर येतात-जातात आणि दरवेळी हवेबरोबर पूड आत ओढतात. ही लेन्स महाग आणि जड, जुन्या पिढीतली दीड किलोच्या आसपास, पण यात्रेसाठी मला तिच्याइतकं दुसरं काही उपयोगाचं वाटलं नाही. पालला दर पौषात जाणाऱ्या एका आजोबांचा कपाळापासून मिशांपर्यंत पिवळा झालेला फोटो त्यांच्या घरात लावलेला आहे. पांढऱ्या टोपीतला नीटनेटका फोटोही मी दिला होता. घरच्यांनी हा निवडला, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. पाटण-कोयनेच्या बाजूला काम असेल तर परत आल्यावर बॅग बंद करून ठेवायची नाही. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काचेवरचा मुलामा खाते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल, जेल ओलं झालं की पुन्हा वाळवून. सेकंडहँड लेन्स घेताना मागून मोबाइलची टॉर्च मारून आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ठेवून यायचं.

पैशांचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण कॅमेऱ्यापायी कर्जात गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आमचा धंदा तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतचा. मग चातुर्मास, वाढदिवस, बारसं, पासपोर्ट फोटो यांवर दिवस काढायचे. मधला पौषही लग्नांना सुनाच. सिझनमध्येही दाट तिथी मोजक्या, आणि त्या एका दिवशी तीन ऑर्डरी येतात तेव्हा एकच घेता येते. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. त्यातच आता नवऱ्यामुलाचे मित्र विचारतात, कॅमेरा कुठला, फुल फ्रेम आहे का, फोर के आहे का. मुलं दबतात आणि ऐपतीबाहेरची बॉडी उचलतात. माझं म्हणणं असं, की बॉडी एक पिढी मागची आणि सेकंडहँड घ्यावी, शटर किती वेळा पडलंय ते तपासून. बॉडीची किंमत दोन-तीन वर्षांत पडतेच, चांगली लेन्स जपली तर पंधरा वर्षं चालते. वर्षातून एकदा लागणारी ७०-२०० भाड्याने आणावी. कराड, सातारा, कोल्हापूर, पुणे, कुठेही मिळते. ड्रोन आणि गिंबल (कॅमेरा न हलता धरणारी दांडी) तर ज्याचे आहेत त्यालाच कामासह बोलवावं. आणि विचारणाऱ्या मित्रांना आधीच्या लग्नांतले आजी-आजोबांचे प्रिंट दाखवावेत. मी दाखवते. त्यानंतर कॅमेऱ्याचं नाव सहसा कोणी विचारत नाही, आणि आईवडील तर तिथेच तारीख पक्की करून इसार देतात.

वाचवलेले पैसे मी दोन ठिकाणी घातले. एक हार्ड डिस्क. प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती, एक स्टुडिओत आणि एक घरी, कारण एकाच इमारतीत दोन्ही ठेवल्या तर आग आणि पाणी दोघींना सारखंच. कराडला कृष्णा आणि कोयना दोन्ही नद्या आहेत. पुराचं पाणी काय करतं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. फायलींना तारीख, गाव, आडनाव अशी नावं दिली की मुंडण झालेला मुलगा दारात उभा राहतो तेव्हा शोधाशोध होत नाही.

दुसरा खर्च प्रिंटरचा. करिझ्मा अल्बमबरोबर, म्हणजे लग्नाच्या छापील अल्बमबरोबर, मी आता एक पाकीट देते. त्यात घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाचा एक प्रिंट, पाच बाय सातचा. वेगळे पैसे घेत नाही, ऑर्डर ठरवतानाच ते धरलेले असतात. प्रत्येकामागे नाव, गाव आणि तारीख लिहिते, बारीक टोकाच्या परमनंट मार्करने आणि शाई पूर्ण वाळू देऊन. बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढे चेहऱ्यावर वळ उमटतात. नुसतं आक्का किंवा बापू लिहून भागत नाही, पूर्ण नाव लागतं. बायकांच्या फोटोमागे सासरच्या नावाखाली माहेरचं नाव आणि माहेरचं गावही लिहिते. ते घरातल्या मुलांना आणि सुनांना बऱ्याचदा ठाऊक नसतं, म्हणून फोटो काढतानाच थेट आजीला विचारून वहीत टिपून घेते.